चाचाचा मालपुवा

भिवंडीत धामणकर नाक्यावर जिना चढून वर माझा एक गाळा आहे. खाली कापडाची दुकानं, मागं लूमचा खडखडाट, पुढं रिक्षावाल्यांची भांडणं. त्या गाळ्यात चाचाचं परदेशी फिरायला न्यायचं ऑफिस होतं. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. खरं तर मी त्याच्याहून मोठा. तो मला सेठ म्हणायचा. भाडेकरू म्हणून म्हणायचा की चिडवायला, ते मला अजून कळलेलं नाही.

अशा ऑफिसात भिंतीवर बर्फाच्या डोंगराचे फोटो असतात. चाचाच्या भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक पंखा, बस. दारात सूत तोलायचा जुना लोखंडी काटा ठेवला होता, त्यावर बॅगा तोलायच्या. गिऱ्हाईक वर आलं की चाचा तोंड नाही, पाय बघायचा.

"नया जूता है? फिर तिकीट नहीं है. पहले नाके पे घूमो. फोड आने दो, फोड बैठने दो, फिर मेरे पास आओ."

लोक हसायचे. काही चिडून दुसऱ्याकडे जायचे. चाचा त्यांना जिन्यापर्यंत पोचवायचा आणि वर सांगायचा, "दवा की गोली हाथ की थैली में रखना. बड़ी बैग कहीं और उतरती है, आदमी कहीं और." दुसऱ्याच्या गिऱ्हाइकालाही फुकटचा सल्ला. असा धंदा मी कुठं बघितला नाही.

चाचा आधी लूमवर जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. चाळीस माग एकदम चालू असले की बाहेरच्या माणसाला नुसता गोंगाट ऐकू येतो. चाचा त्या गोंगाटात डोळे मिटून उभा राहायचा आणि बोट दाखवायचा, तो कोपऱ्यातला माग आता बंद पडणार. बंद पडायच्या आधी आवाज बदलतो म्हणे. पुढं गुडघे गेले तेव्हा त्यानं कारखाना सोडला आणि म्हाताऱ्या विणकरांना उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, न्यायला लागला. कुणाला दमा, कुणाला शुगर, वर तिकडचं ऊन. "लूम का काम ही किया मैंने," तो म्हणायचा. "खाली तागे की जगह बूढ़े आ गए."

मग आमच्या पूर्णा गावात जमिनींवर गोडाऊनं उभी राहिली. हातात भाडं यायला लागलं. ज्यांनी कधी खाडी ओलांडली नव्हती ती माणसं विमानाची चौकशी करायला लागली आणि चाचाचा जिना झिजायला लागला.

त्याचे कायदे आमच्या लोकांना जड जायचे. बर्फ टाकलेलं काही प्यायचं नाही. पाणी सीलबंद बाटलीतलं. भाड्याची स्कूटर चालवायची नाही. आणि आमच्या बाप्यांना तो एक कायदा तोंड भरून सांगायचा, "पी के गिरोगे तो बीमा नहीं उठाएगा. फिर गाँव से चार आदमी बुलाना उठाने को." निघायच्या आधीचे तीन दिवस कुणाच्या घरी जेवायचं नाही, हा तर सगळ्यात वाईट. आमच्याकडं माणूस लांब चालला की घराघरातून जेवणाचं बोलावणं येतं. कोंबडी, वडे, खाडीची मासळी. नाही म्हटलं तर रुसतात. चाचा म्हणायचा, तुमचे अर्धे लोक परदेशात आजारी पडत नाहीत, पूर्ण्यातच आजारी पडून विमानात बसतात.

आमचं दोघांचं जायचं ठरलं तेव्हा माझ्या बायकोच्या बॅगेतला सुका जवला त्यानं काट्यावर ठेवायच्या आधीच ओळखला. वास येऊ नये म्हणून तिनं सात पिशव्यांत बांधला होता.

"भाभी, ये उतरेगा तो पूरा एअरपोर्ट खाली होगा."

"मंग थय खायाचा काय?" बायको म्हणाली.

"चावल खाओ. वहाँ चावल ही चावल है."

जवला राहिला. बायकोनं ती गोष्ट त्याला कधी माफ केली नाही आणि प्रत्येक ईदला त्याला जवल्याचीच चटणी पाठवली.

माझ्याशी त्याचं पहिलं भांडण बॅनरवरून झालं. माझ्या पुतण्यानं नाक्यावर बॅनर लावला होता. त्यात मी काळा चष्मा घालून, मागं विमान, आणि खाली परदेश दौऱ्यासाठी हार्दिक शुभेच्छा. जायची तारीख, यायची तारीख, सगळं मोठ्या अक्षरात. चाचा जिना उतरून खाली आला, बॅनर वाचला आणि म्हणाला, "सेठ, चोर को भी पढ़ना आता है. घर का ताला कौन सा है, वो भी लिख देते."

मी म्हणालो, बॅनर राहणार. तो म्हणाला, मग तुम्ही पण राहा. शेवटी असं ठरलं की बॅनर आत्ता उतरवायचा आणि परत आल्यावर लावायचा. पुतण्या म्हणाला, काका, परत आल्याचा कुणी बॅनर लावतं का? पण मी शब्द दिला होता.

दुसरं भांडण विम्यावरून. मी म्हणालो, "आजून पाय घरातशी भायेर न्हाय टाकला, आनि मरनाचा पयसा आताच भरू? अपशकुन हाय."

चाचानं चहा ओतला. "सेठ, पूर्णा में किसी का घर जलता था तो गाँव क्या करता था?"

"घरटी पेंढा द्याचे. भात द्याचे. वासा द्याचे."

"जिसका घर नहीं जला, वो भी देता था?"

"त्यानंच द्याचा. जललेला काय देल?"

"देने वाले को अपशकुन होता था?"

मी चहा प्यायलो. चहा त्याचा चांगला असायचा.

आता मालपुव्याचं सांगतो. नवरा-बायको तिकिटासाठी आले की चाचा खालच्या हलवायाकडून गरम मालपुवा मागवायचा. बशी नवऱ्यापुढं ठेवायचा. आणि बघायचा मात्र बायकोकडं. नवरा हसत हात पुढं करायचा, तेव्हा बायकोचं तोंड जे सांगायचं, ते तो विम्याच्या कागदावर लिहायला घ्यायचा. विम्याला आधीचा आजार खरा सांगावा लागतो, नाहीतर वेळ आली की कंपनी हात वर करते. "मर्द झूठ बोल सकता है," चाचा म्हणायचा. "उसकी घरवाली का मुँह नहीं बोल सकता."

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बशी पुढं आली, मी अख्खा मालपुवा खाल्ला. बायको वर पंख्याकडं बघायला लागली. लाइट गेली होती, पंखा बंद होता.

"सेठ, शुगर लिखूँ?"

"मना सुगर न्हाय."

"भाभी?"

"पंखा कवा पुसलेला?" बायकोनं विचारलं.

इथं सांगायला हवं. माझ्या थोरल्या भावाचा पाय शुगरनं गेला. आधी अंगठा काळा पडला, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत कापला. दिवसभर चिखलात उभा राहणारा माणूस ओट्यावर खुर्चीत बसून संपला. तेव्हापासून त्या शब्दाला आमच्या घरात जागा नाही. मी गोळी घेतो, रोज घेतो, पण गोळी म्हणून घेतो. कसली ते कुणी विचारायचं नाही.

चाचानं पेन खाली ठेवलं. "लिखूँगा नहीं तो ले के नहीं जाऊँगा."

समोर बाकावर आणखी माणसं बसलेली. मी म्हणालो, "मंग गाला खाली कर."

चाचा उठला, कॅलेंडर काढून गुंडाळलं, चहाचा थर्मास पिशवीत घातला आणि दारातला तो लोखंडी काटा उचलायला वाकला. गुडघे दुखत होते ते दिसत होतं. मी मान फिरवून बसलो. बाकावरची माणसं चपला घालायला लागली.

"काटा भारी हाय," बायको पंख्याला म्हणाली. "एकल्याला न्हाय उचलाचा. तुमी हात लावा त्याला."

मी मग म्हणालो, "लिव काय लिवाचा तो. मना काय इंग्रजी वाचता येतंय?"

चाचानं कॅलेंडर परत खिळ्याला लावलं आणि लिहिलं. मी मात्र सांगितलेलं नाही. आजही म्हणतो, त्यानं लिहिलं, मी सांगितलं नाही.

आम्ही व्हिएतनामला गेलो. सगळ्यांच्या मनगटाला चाचानं मांजरपाटाची एकेक पट्टी बांधली. त्यावर विम्याचा फोन नंबर छापलेला. मी ती बॅगेला बांधली. पट्टी बैलाला बांधतात. बसमध्ये तो पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. लोकांना वाटायचं झोपला. तो ऐकत असायचा. मागं बायका गाणी म्हणतायत, बाप्ये पत्ते कुटतायत, मी ड्रायव्हरला त्याच्या चुका सांगतोय. ड्रायव्हरला मराठी येत नव्हती, पण चुका होत होत्या. प्रत्येक ठिकाणी उतरताना चाचा दारात उभा राहून एकच वाक्य म्हणायचा, "सफर में बहादुरी मना है."

एका सकाळी बस रस्त्याकडेला थांबली आणि खाली शेतं होती. भाताची. पाणी भरलेली, आवणी चालू. आवणी म्हणजे रोपं चिखलात लावायचं काम. बाया ओळीनं वाकलेल्या, डोक्यावर टोकदार टोप्या. बांध तसेच, पाण्याचा वास तोच. माझ्या शेतावर आता कुणाच्या तरी पंख्यांची आणि फ्रिजची खोकी रचलेली असतात. मी बूट काढले, मोजे काढले आणि बांधावरून खाली उतरलो.

"अवं," बायको वरून म्हणाली. "ते शेत काय आपला हाय?"

चिखल पोटरीपर्यंत आला. गार. एका बाईनं मला बघितलं, हसली, आणि काही न विचारता रोपांची एक मूठ माझ्याकडं फेकली. ती मी झेलली. कितीतरी वर्षांनी झेलली, पण हाताला ठाऊक होतं. एक ओळ लावली. कंबर कुरकुरली, पण ओळ सरळ आली. ती बाई माझी ओळ बघून तिच्या भाषेत दुसरीला काहीतरी बोलली आणि दोघींनी मान हलवली. ती मान कशी हलली ते मला कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

चाचा वरून बोंबलत होता, "सेठ, पैर. सेठ, जूता." मी ऐकलं नाही. ऐकायला आलं होतं, पण ऐकलं नाही.

संध्याकाळी मोजा ओला लागला. तळवा कसल्या तरी शिंपल्यानं कापला होता. दुखलंच नव्हतं. भावाचंही असंच, दुखायचं नाही. मी बायकोच्या पिशवीतली हळद दाबली, रुमाल बांधला आणि तिला सांगितलं, कुणाला बोललीस तर बघ. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाय बुटात जाईना. मी फीत सोडून कसाबसा घातला आणि बसमध्ये खिडकीशी बसलो. अंगात कसकस होती. डोळ्यापुढं सारखी ओट्यावरची ती खुर्ची येत होती.

बस बरीच पुढं गेली. मागं गाणी चालू, पत्ते चालू. चाचा पुढं डोळे मिटून. मग त्यानं डोळे उघडले आणि उभा राहिला.

"एक लूम बंद है," तो म्हणाला.

सीटा धरत धरत माझ्यापर्यंत आला. "सेठ, ड्रायव्हर ने अभी गलत गाड़ी काटी. आपने कुछ बोला नहीं."

"बोलाचा कंटाला आलाय."

"जूता निकालो."

"मना काय झायला न्हाय."

तो खाली बसला. त्या गुडघ्यांवर, चालत्या बसमध्ये. माझा बूट त्यानं स्वतःच्या हातानं काढला. पाय बघितला. बायकोनं तोंडाला पदर लावला. मग ती इतकी वर्षं दाबलेलं सगळं एका दमात बोलली. सुगर हाय, रोज गोली घेतान, मोठ्या दीराचा पाय गेला, आता यांचाबी जाल. सगळी बस ऐकत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बघायला पंखा नव्हता.

चाचानं माझ्या बॅगेवरची पट्टी सोडली, माझ्या मनगटाला करकचून बांधली आणि त्यावरचा नंबर लावला. हॉस्पिटलात जायच्या आधी नंबर, हा त्याचा कायदा. पलीकडून एका पोरीनं हिंदीत कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं ते सांगितलं आणि विचारलं, पेशंटला आधीचा काही आजार? चाचा माझ्याकडं बघत म्हणाला, "शुगर है. लिखवाया हुआ है." लिखवाया हुआ है, असं म्हणाला. माझी लाज राखली त्यानं, अख्ख्या बससमोर.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण पोरगेलीच होती. ती फोनमध्ये तिच्या भाषेत बोलायची आणि फोन हिंदीत बोलायचा. फोनची हिंदी माझ्याहून बरी. जखम धुतली, सलाईन लावलं, सुया दिल्या. फोन म्हणाला, पाय राहील. अजून उशीर केला असतात तर सांगता आलं नसतं. मग तिनं विचारलं, लागलं कसं? चाचानं सांगितलं, दुसऱ्याच्या शेतात आवणी करायला गेला होता. ती हसायला लागली. तिची आईपण भात लावते म्हणे. तिनं फोनमध्ये आणखी काहीतरी विचारलं आणि फोन म्हणाला, "क्या लाइन सीधी थी?"

"सरल व्हती," मी म्हणालो. "इच्यार थयच्या बायांना."

बाकीची मंडळी तिथल्या गाइडबरोबर होडीत फिरून आली. चाचा माझ्या खाटेपाशी स्टुलावर बसून होता. प्रत्येक कागद, प्रत्येक पावती एका पिशवीत घालत होता. बिल जे काय झालं ते विम्यानं तिकडच्या तिकडं मिटवलं. मी विचारलं, "कुनी दिला रं ह्यो पयसा?" तो म्हणाला, "जिनका घर नहीं जला, उन्होंने."

परत आल्यावर बॅनर लागला. चष्मा तोच, विमान तेच, खाली सुखरूप परत आल्याबद्दल. पुतण्यानं प्लास्टर घातलेला पाय कुठून तरी जोडला होता. मला पट्टी होती, प्लास्टर नव्हतं. चाचा खाली उभा राहून पोट धरून हसला. त्यानंतर त्याच्या भिंतीवर पहिला फोटो लागला, तो त्या बॅनरचा.

अनवाणी शेतात उतरलो ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. बायको म्हणते, तेवढं पुरे.

गेल्या वर्षी चाचाला त्याच्या मुलीनं कॅनडात बोलावलं. बरेच महिने राहायला. गुडघे फार झाले होते, ऑफिस बंद करायचं ठरलं. किल्ली द्यायला तो आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या भाभी, पूर्ण्याला घरी आले. भाभी आमच्याकडं पहिल्यांदाच आलेल्या. आमच्या बायकोनं मांडी घालून गप्पा सुरू केल्या. मी पुतण्याला नाक्यावर पिटाळून गरम मालपुवा आणवला.

बशी चाचापुढं ठेवली. त्यानं हसत हात पुढं केला. मी भाभीकडं बघितलं.

भाभी पंख्याकडं बघत होत्या.

"चाचा," मी म्हणालो, "सुगर लिवलीस का?"

त्याचा हात बशीवर थांबला. तो म्हणाला, "सेठ, पूरे भिवंडी को मैंने बोला, लिखो लिखो. अब अपनी किस मुँह से लिखूँ?"

"मी गाला न्हाय घेनार परत. किल्ली ठेव तुज्याकरं."

बायको म्हणाली, "भाभी, पंखा सोरा आता. बोला."

चाचानं खिशातून विम्याचा कागद काढला. "लिखो क्या लिखना है," तो म्हणाला. "मेरा चश्मा रिक्षा में रह गया." चष्मा त्याच्या डोक्यावर होता. पुतण्यानं लिहिलं. किल्ली मी घेतली आणि मालपुवा खाल्ला, अर्धा. माझी लिहिलेली होती.

जाताना मी विचारलं, तिकडं तुझा आवाज कोण ऐकणार? तो म्हणाला, "आप. हर जुम्मे को फोन करूँगा. जिस दिन नाके का ट्रॅफिक नहीं पूछा, समझना लूम बंद है." त्याच्या ह्या विम्याच्या नंबराची एक पट्टी त्यानं स्वतःच्या मनगटाला बांधली, दुसरी मला दिली. ती मी गाळ्याच्या खिडकीच्या गजाला बांधून ठेवली आहे.

दर शुक्रवारी फोन येतो. नाक्यावर कुठं तुंबलंय, कुणाचा टेम्पो आडवा आहे, सगळं विचारतो. मी गाळ्यावर असलो तर फोन खिडकीबाहेर धरतो, तो हॉर्न ऐकतो आणि खूश होतो.

परवाच्या शुक्रवारी मी गाळ्यावरच होतो, फोन आला. तब्येत विचारली, बायकोला विचारलं, बर्फ फार आहे म्हणाला. नाक्याचं काही नाही. मी वाट बघितली. तो म्हणाला, चलो, रखता हूँ.

"चाचा," मी म्हणालो, "भाभीला फोन दे."

"क्यों?"

"दे."

भाभींनी दबक्या आवाजात सांगितलं, चपलेवर बर्फात गेले होते, घसरले, दोन दिवस घोटा सुजलाय, डॉक्टरकडं चला म्हटलं तर ऐकत नाहीत.

"सेठ, कुछ नहीं है, मामूली मोच है," तो मागून ओरडत होता.

"सफर में बहादुरी मना है," मी म्हणालो. "भाभी, लिवून घ्या." आणि गजावरची पट्टी सरळ धरून तिच्यावरचा नंबर एकेक करून वाचून दाखवला. आकडे मला येतात.